गल्ली आधी मोजा, मग खणा

ऑगस्ट २०१८ मध्ये केंद्र सरकारने १११ शहरांची तुलना करून कोणते शहर राहायला किती सोयीचे याची क्रमवारी जाहीर केली. पुणे देशात पहिले आले. नवी मुंबई दुसरी, मुंबई तिसरी. बाहेरच्यांनी दिलेले प्रशस्तिपत्र पुणेकरांना एरवी सहजासहजी पटत नाही. हे मात्र बिनतक्रार पटले. त्याच वर्षी, काही महिने आधी, आणखी एक बातमी येऊन गेली होती. शहरातल्या नोंदणीकृत वाहनांचा आकडा ३६ लाखांपलीकडे गेला होता आणि त्याने माणसांच्या आकड्यालाही मागे टाकले होते. दोन्ही बातम्या खऱ्या. पहिलीचे पेढे वाटले गेले, दुसरी गल्ल्यांच्या वाट्याला आली.

त्या क्रमवारीला ७८ निकष होते. पाणी, वीज, घरे, रोजगार, सुरक्षितता असे बरेच काही त्यांत होते. पण मोजले गेले ते शहर, आणि शहराच्या सरासरीत गल्ली कुठल्या कुठे बुडून जाते. माणूस शहरात राहतो हे जनगणनेपुरते ठीक. रोजचे त्याचे राहणे असते सोसायटीच्या फाटकापासून कोपऱ्यावरच्या मेडिकलपर्यंत, तिथून रिक्षा थांब्यापर्यंत आणि शाळेची बस उभी राहते तिथवर. ही तीनचारशे पावले ज्याला बिनघोर टाकता येत नाहीत, त्याला शहराचा पहिला नंबर कशाला हवा?

म्हणून या पत्रकाची मागणी साधी आहे. निवासी गल्लीत एक रुपया खर्च करण्याआधी ती गल्ली तिथल्या वेगवेगळ्या रहिवाशांच्या पायांनी मोजली जावी, आणि त्यातही सगळ्यांत कमी ताकदीच्या रहिवाशाच्या पायांनी आधी. ते मोजमाप गल्लीत सर्वांना दिसेल असे लावावे. काम झाल्यावर गल्ली पुन्हा मोजावी, आणि फरक दिसल्याशिवाय ठेकेदाराचे बिल काढू नये.

महापालिका मोजत नाही असे नाही. भरपूर मोजते. रस्त्याचे काम झाले की कनिष्ठ अभियंता मोजमाप पुस्तिका, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेली ‘एमबी’, उघडतो आणि लांबी, रुंदी, जाडी लिहितो. त्यांचा गुणाकार होतो, दराने गुणले जाते, बिल तयार होते. सिमेंट किती घनमीटर पडले हे एमबी सांगते. ते पडल्यावर तळमजल्याचा उंबरा रस्त्याच्या खाली गेला का, चेंबरचे झाकण चार बोटे खोल राहिले का, वॉकर घेऊन चालणाऱ्या आजींना पलीकडे जाता येते का, यासाठी एमबीत रकाना नाही. जे लिहायचेच नाही ते बघायचे तरी कशाला?

गल्ली माणसांच्या बाजूने मोजता येते हे पन्नासेक वर्षांपूर्वी सिद्ध झालेले आहे. बर्कले विद्यापीठातले डोनाल्ड अ‍ॅपलयार्ड यांनी १९६०च्या दशकाच्या अखेरीस सॅन फ्रान्सिस्कोतले तीन निवासी रस्ते निवडले. घरे साधारण एकसारखी, वाहतूक मात्र वेगवेगळी: एका रस्त्यावरून दिवसाला सुमारे २,००० गाड्या, दुसऱ्यावरून ८,०००, तिसऱ्यावरून १६,०००. त्यांनी लोकांना प्रश्न विचारले ते शेजाऱ्यांबद्दल. कमी वाहतुकीच्या रस्त्यावर माणसाला त्याच रस्त्यावरचे सरासरी तीन मित्र होते आणि सहाहून थोडे अधिक ओळखीचे. जड वाहतुकीच्या रस्त्यावर मित्र एकाहूनही कमी, ओळखीचे जेमतेम तीन. नकाशावर ‘आपले’ कुठवर, याची रेघ मारायला सांगितली तेव्हा पहिल्या रस्त्यावरच्यांनी जवळजवळ अख्खा रस्ता आपला म्हणून दाखवला; तिसऱ्या रस्त्यावरच्यांची रेघ स्वतःच्या इमारतीपाशीच थांबली. हे सगळे १९८१ मध्ये त्यांच्या ‘लिव्हेबल स्ट्रीट्स’ या पुस्तकात आले. पुढच्याच वर्षी अथेन्समध्ये भरधाव गाडीखाली सापडून अ‍ॅपलयार्ड गेले.

पुण्यात ही रेघ कुठे पडते ते पाहायला विद्यापीठाची गरज नाही. सत्तरी ओलांडलेल्या, गुडघे बदललेल्या एखाद्या बाईंबरोबर संध्याकाळी सात वाजता औषधे आणायला निघावे, म्हणजे झाले. फाटकाबाहेर पदपथ आहे, पण त्याची कड जवळजवळ फूटभर उंच. इंडियन रोड्स काँग्रेसचे पादचाऱ्यांसाठीचे मानक म्हणते की ही कड १५० मिलिमीटरपेक्षा, म्हणजे साधारण सहा इंचांपेक्षा, उंच नसावी. बाई पदपथावर चढत नाहीत, खालूनच चालतात. कशाबशा चढल्याच, तर वीसेक पावलांवर वीजमंडळाचा डीपी बॉक्स उभा. त्याच्या पुढे कुठल्याशा खोदाईचा राडारोडा, पोत्यांत भरून ठेवलेला आणि विसरलेला. त्याच्या पुढे पेव्हर ब्लॉक, त्यातला एक पाय ठेवताच डुलणारा, पावसाळ्यात पोटातले पाणी पोटरीवर उडवणारा. मग सोसायटीच्या पार्किंगचा उतार येतो आणि पदपथ संपतो. दहा फुटांवर पुन्हा सुरू होतो, पुन्हा फूटभर उंच. एका गल्लीत अशी चढउतार आठदहा वेळा. त्याच मानकानुसार निवासी भागातल्या पदपथावर चालायला मोकळी जागा १.८ मीटर रुंद आणि २.२ मीटर उंच हवी, म्हणजे चाकाच्या दोन खुर्च्या समोरासमोर आल्या तरी एकीला मागे फिरावे लागू नये. ही सूचना कालपरवाची नव्हे, २०१२ पासून छापील आहे. महापालिकेने २०१६ मध्ये स्वतःचे पादचारी धोरणही मंजूर केले. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा केंद्रीय कायदाही त्याच वर्षीचा. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अडथळ्यांविना पदपथ वापरण्याचा हक्क हा घटनेच्या २१ व्या कलमाखालच्या जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे सांगितले. कागद असे एकावर एक चढत गेले. बाई अजून खालूनच चालतात.

आणि खालून चालण्याची किंमत असते. २०२२ मध्ये देशात रस्त्यांवरच्या अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यांत ३२,८२५ पायी चालणारी होती. दिवसाला नव्वदच्या घरात.

दुबळ्या पायांची दुसरी जोडी आणखी लहान असते. नेदरलँड्सच्या व्हॅन लीअर फाउंडेशनचा ‘अर्बन९५’ नावाचा कार्यक्रम आहे. पुणे त्यातले एक सहभागी शहर. ९५ सेंटिमीटर ही तीन वर्षांच्या निरोगी मुलाची उंची. शहराची आखणी करणाऱ्याने त्या उंचीवरून शहर पाहावे, ही त्यामागची कल्पना. पुण्याच्या गल्लीत ९५ सेंटिमीटरवरून पाहिले तर काय दिसते? लावलेल्या मोटारीचे बॉनेट. दोन मोटारींच्या फटीतून मूल बाहेर येते तेव्हा त्याला येणारी दुचाकी दिसत नाही आणि दुचाकीवाल्याला मूल दिसत नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये स्टॉकहोमच्या जागतिक रस्ते सुरक्षा परिषदेने जाहीर केले की जिथे पायी माणसे आणि गाड्या एकत्र वावरतात तिथे वेग ताशी ३० किलोमीटरच्या आत ठेवावा. आपल्याकडे गल्लीत वेग हा विषय फक्त गतिरोधक टाकताना निघतो, आणि तेव्हाही उलट्या टोकाने. गतिरोधकाचे भारतीय मानक सांगते: ३.७ मीटर रुंद, १० सेंटिमीटर उंच, हळुवार गोलाईचा. गल्लीत मिळतो तो हातभर रुंदीचा, ताठ कण्याचा उंचवटा. मोटारवाला त्यावरून ब्रेक मारून जातो. रिक्षातल्या गरोदर बाईला आणि कंबरदुखीच्या म्हाताऱ्याला तो हाडापर्यंत पोचतो.

या उंचवट्याची सगळ्यांत जास्त ओळख असलेली व्यक्ती मात्र गल्लीत राहतच नाही. ती रोज सकाळी तिथे येते. ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था २००८ पासून पुण्यात दारोदार कचरा गोळा करते. तिच्या सभासद, बहुतांश बाया, भरलेली ढकलगाडी पुढे लोटत गल्लीभर फिरतात. गतिरोधक आला की एक बाई मागून खांदा लावते, दुसरी पुढून ओढते, आणि मागचा दुचाकीवाला हॉर्न वाजवतो. गल्ली राहण्याजोगी ठेवण्याचे काम जी करते तिला ती गल्ली वावरण्याजोगी आहे का, हा प्रश्न एमबीत तर नाहीच, रहिवाशांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरही नाही. तिथे चर्चा असते ती गाडी उशिरा का आली याची.

रात्रीची गल्ली वेगळी मोजावी लागते, कारण दिव्याचा खांब उभा असणे आणि पदपथावर उजेड पडणे या दोन निराळ्या गोष्टी. खांब रस्त्यासाठी असतो, उजेड झाडाच्या शेंड्यात अडकतो आणि खाली काळोख राहतो. कल्पना विश्वनाथ यांच्या पुढाकाराने २०१३ मध्ये सुरू झालेले ‘सेफ्टीपिन’ अ‍ॅप स्त्रियांच्या दृष्टीने जागा तपासताना दिव्यांबरोबरच मोकळेपणा, आजूबाजूच्या खिडक्यांतून नजर पडते का, माणसांची वर्दळ, त्यांत बायका किती, चालायची वाट कशी, अशा गोष्टी पाहते. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी ‘व्हाय लॉयटर?’ या २०११ च्या पुस्तकात मुंबईबद्दल दाखवून दिले की बाई रस्त्यावर दिसते ती काहीतरी कामाला निघालेली. नुसते रेंगाळण्याची मुभा तिला नाही. पेठेतली गल्ली असो की कोथरूडची, रात्री दहानंतर कट्ट्यावर कोण बसलेले असते हे पाहिले तरी पुरे. आणि इथेच एक अडचणीची गोष्ट मान्य करावी लागते. कोपऱ्यावरचा भुर्जीवाला, अंडी-पाव, पानटपरी, उशिरापर्यंत उघडा असणारा इस्त्रीवाला, ही मंडळी पदपथ अडवतात आणि तीच मंडळी कामावरून उशिरा परतणाऱ्या मुलीला सोबतही होतात. जेन जेकब्स यांनी १९६१ मध्ये न्यूयॉर्कच्या एका रस्त्याबद्दल रस्त्यावर नजर असण्याचे महत्त्व मांडले, तेव्हा त्यांच्या मनात दुकानदार आणि शेजारी होते. आपल्याकडे ती नजर पथारीवाल्याची असते. अतिक्रमण विभागाची गाडी त्याला उचलून नेते त्या रात्री गल्ली रुंद होते, आणि ओस पडते. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने शहर फेरीवाला समिती सांगितली, तिच्यात ४० टक्के विक्रेते हवेत असे सांगितले, पाच वर्षांनी सर्वेक्षण सांगितले. कोणता विक्रेता कुठे बसला तर चालणाऱ्याची १.८ मीटर वाट शिल्लक राहते, हे गल्लीगल्लीत खडूने आखून ठरवायचे काम आहे. गाडी पाठवून ते होत नाही.

आवाजाचे फार बोलायला नको. २००० च्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री दहा ते सकाळी सहा ४५. हा नियम गणेशोत्सवात मोडतो, लग्नसराईत मोडतो, आणि उरलेले वर्ष इमारतीच्या कामावर रात्री येणारा काँक्रीटचा मिक्सर तो मोडतो.

आता मोटारीकडे यायला हवे, कारण सगळी गल्ली तिच्यापाशी येऊन अडते. साधा हिशेब आहे. पुण्यातल्या जुन्या वस्त्यांत सहा मीटरच्या गल्ल्या पुष्कळ. साधी मोटार पावणेदोन मीटर रुंद, भिंतीपासून वीतभर सोडून लावलेली. दोन्ही बाजूंना मोटारी लागल्या की मधे दोन मीटरच्या आसपास उरतात. त्यातून रुग्णवाहिका आरसे मिटून जाईल. अग्निशमनाचा मोठा बंब, जो अडीच मीटरच्या जवळपास असतो, जाणारच नाही. म्हणजे गल्लीतल्या वीसपंचवीस मोटारींनी मिळून साऱ्या गल्लीचा विमा काढून घेतलेला असतो, आणि त्या बदल्यात महापालिकेला दमडीही दिलेली नसते. इमारतीच्या आराखड्यात एका मोटारीला अडीच मीटर बाय पाच मीटर, म्हणजे साडेबारा चौरस मीटर जागा लागते. त्या जागेचे बिल्डर लाखांत घेतो. फाटकाबाहेर तेवढीच जागा फुकट.

२०१८ मध्ये महापालिकेने पार्किंग धोरण आणले तेव्हा या फुकटेपणाला हात लागेल असे वाटले होते. विरोध होताच ते मोजक्या रस्त्यांपुरते आकसले आणि पुढे कागदावरच राहिले. विरोधात सर्वपक्षीय एकी होती, हेही लक्षात ठेवण्यासारखे. पाणीपट्टीवरून भांडणारे पक्ष फुकट पार्किंगवर एका सुरात बोलतात.

यावर रस्तारुंदीचा उपाय सुचवला जातो. तो कोणासाठी सुचवला जातो तेही पाहावे. नऊ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर टीडीआर, म्हणजे जादा बांधकामाचा हस्तांतरणीय विकास हक्क, वापरता येणार नाही असा नियम राज्याने २०१६ मध्ये केला. २०२० मध्ये पुण्याच्या स्थायी समितीने सहा मीटरचे तीनशेहून अधिक रस्ते नऊ मीटर करण्याचा प्रस्ताव मंजूर केला. रुंदी वाढली की मजले वाढतात, मजले वाढले की मोटारी वाढतात, आणि वाढलेले तीन मीटर पार्किंगला जातात. दोन्ही बाजूंची झाडे, ओटे, कुंपणाशी बसणारी फुलवाली एवढे तेवढे मधल्या मधे जाते. वॉकरवाल्या बाईंना या सगळ्यातून एक इंचही मिळत नाही. रुंदीकरणाच्या फायलीत त्यांचे नावच नाही.

मोटारवाला शत्रू आहे का? नाही. तोही रहिवासी आहे, त्याच्या आईलाही वॉकर आहे, आणि रात्री दहाला घरी येऊन जागा शोधत तीन फेऱ्या मारणे काही सुख नव्हे. दुकानदाराला माल उतरवायला टेम्पो दारात हवा. झाडाच्या मुळांनी फरशी उचकटते, म्हणून एक घर झाड तोडा म्हणते, आणि त्याच झाडाच्या सावलीत समोरच्या इमारतीचा रखवालदार दुपार काढतो. एकाच दिव्याने मुलीची वाट उजळते आणि पहिल्या मजल्यावरच्या आजोबांची झोप उडते. ‘सर्व रहिवाशांच्या सोयीसाठी’ हे फलकावरचे वाक्य म्हणूनच खोटे असते. सगळ्यांची सोय एकाच वेळी होत नाही, आणि कोणाची होते ते गुपचूप ठरते. ठरवताना कसोटी एकच ठेवावी: ज्याला दुसरी वाट नाही, त्याचे आधी. मोटार पुढच्या चौकातल्या वाहनतळावर लावता येते. टेम्पो सकाळी नऊच्या आत येऊ शकतो. दिव्याला झाकण बसवता येते. चाकाच्या खुर्चीतल्या माणसाला मात्र डीपी बॉक्सला वळसा घालून जाता येत नाही.

अधिकारी म्हणतील, निधी नाही. निधीची गंमत अशी की तो पेव्हर ब्लॉक उखडून नवे बसवायला असतो, बाकड्यांना असतो, स्वागत कमानीला असतो. पुण्यात २००६ पासून सहभागी अंदाजपत्रकाची सोय आहे. नागरिकाने क्षेत्रीय कार्यालयात फॉर्म भरून आपल्या भागातले काम सुचवायचे. फॉर्म फार थोडे लोक भरतात. कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद आहे. भरलेली क्षेत्रसभा पाहिलेला पुणेकर शोधावा लागेल. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली, त्यानंतर जवळजवळ चार वर्षे प्रशासकाचा कारभार चालला, आणि त्या काळात गल्लीतल्या माणसाला जाब विचारायला चेहराही नव्हता. पदपथाची कड उतरवणे, डीपी बॉक्स कुंपणात सरकवणे, चेंबरची झाकणे रस्त्याच्या पातळीला आणणे, एका बाजूचे पार्किंग बंद करून पांढरा पट्टा मारणे, या कामांना उड्डाणपुलाचे पैसे लागत नाहीत. लागते ती एमबीत एक जादा पान जोडण्याची तयारी.

त्या पानावर काय असावे तेही अवघड नाही. मोकळ्या वाटेची सगळ्यांत कमी रुंदी किती आणि कुठे. कड किती उंच. चाकाची खुर्ची जाईल एवढी, किमान ९० सेंटिमीटरची, फट सलग आहे का, की मधेच बोलार्ड ठोकून बंद केली आहे. सावली दुपारी एक वाजता किती लांबीवर आहे. उजेड रात्री अकरा वाजता पायाशी पडतो का. कचऱ्याची ढकलगाडी न थांबता टोकापर्यंत जाते का. शाळा सुटते तेव्हा आणि संध्याकाळी सातला, अशा दोन वेळी गाड्या किती. बंब शिरतो का. प्रत्येक नोंदीसमोर नोंद करणाऱ्याची सही, आणि त्या सह्यांत एक साठीच्या पुढची, एक अपंग व्यक्तीची, एक शाळकरी मुलाच्या आईची, एक त्या गल्लीत काम करणाऱ्याची असलीच पाहिजे. लेखा विभागाने हे पान जोडलेले नसेल तर बिल परत पाठवावे. पावतीवर तारीख नसली तरी ते परत पाठवतातच.

महापालिका सुरू करीपर्यंत गल्लीने थांबायचे कारण नाही. पाच मीटरची टेप हार्डवेअरच्या दुकानात मिळते. मोजमाप एका रविवारी आणि एका कामाच्या दिवशी घ्यावे, फोटोत टेपचा आकडा दिसेल असा धरावा. दोन प्रती काढून एक क्षेत्रीय कार्यालयाच्या आवक विभागात द्यावी, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्यावा. साहेब मीटिंगमध्ये आहेत हे उत्तर शिक्क्यासाठी चालत नाही. त्याच दिवशी, त्याच इमारतीत, माहिती अधिकाराचा अर्ज द्यावा आणि आपल्या गल्लीत गेल्या तीन वर्षांत झालेल्या प्रत्येक कामाच्या एमबीची प्रत मागावी. ती ३० दिवसांत मिळायला हवी. मिळाली की टेप घेऊन पुन्हा खाली उतरावे आणि एमबीतली रुंदी रस्त्यावर सापडते का ते पाहावे.